लॅटिन 'कमेरा' आणि तिचं गणगोत : कमरा, चेंबर, कॅमेरा, कॉम्रेड... आणि कंबर?

बोरूबहाद्दर (धागालेखक)

'इन कॅमेरा सुनावणी' म्हणजे चित्रीकरण होत असलेली सुनावणी नव्हे, उलट बंद दाराआडची सुनावणी, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मग तिथे 'कॅमेरा' काय करतोय? या एका शब्दाचा माग काढला की अर्धा युरोप आणि थोडा हिंदुस्थानही फिरून होतो, म्हणून हा धागा.

शब्द मुळात ग्रीक : 'कमारा'. अर्थ, ज्याचं छप्पर वाकलेलं आहे अशी कुठलीही वस्तू. खोली हा अर्थ तेव्हा नव्हता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसकडे हा शब्द छत घातलेल्या गाडीसाठी येतो. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो काळ्या समुद्रावरच्या चाच्यांच्या होड्यांना 'कमारा' म्हणतो. रोमन इतिहासकार टॅसिटसही त्याच होड्यांबद्दल लिहितो आणि तिथले लोक त्यांना याच नावाने ओळखतात असं सांगतो. गाडी, होडी आणि घुमटी यांना बांधणारी गोष्ट एकच, वरचा बाक.

रोमनांनी शब्द घेतला तेव्हा तो आधी 'कमरा' असाही लिहिला जाई, पुढे 'कमेरा' रूढ झालं. हा बदल लहरीने झालेला नाही. जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या मधल्या अवयवातला (सिलेबलमधला) ऱ्हस्व स्वर दुबळा होई, आणि पुढे 'र' असला की तो 'ए'कडे झुके. (इथे सगळे स्वर ऱ्हस्व धरावेत आणि आघात पहिल्या 'क'वर. देवनागरीत ऱ्हस्व 'ए' लिहायची सोय नाही, त्याला इलाज नाही.)

अर्थाची वाटचाल अशी : कमानदार छत → कमानदार छताची खोली → कुठलीही खोली → खोलीत बसणारी माणसं → खोलीत ठेवलेला पैसा. शेवटचे दोन अर्थ विचित्र वाटतील, पण युरोपात तेही चांगले रुजले. पोपच्या खजिन्याचं खातं २०२२ पर्यंत 'कामेरा अपोस्तोलिका' होतं, आणि इटलीच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह 'कामेरा देई देपुताती' आहे. नेदरलँड्समध्ये कनिष्ठ सभागृह म्हणजे 'ट्वेडे कामर', शब्दशः दुसरी खोली. आपण 'द्विगृही विधिमंडळ' म्हणतो त्यातलं 'गृह' हे याच 'कमेरा'चं भाषांतर. महाराष्ट्रात अशा दोन खोल्या आहेत, विधानसभा २८८ जणांची आणि विधान परिषद ७८ जणांची. गोव्यात एकच, ४० जणांची.

मराठीत हा शब्द निदान चार वेगवेगळ्या दारांनी आला :
पोर्तुगीजांकडून (हिंदी-उर्दूमार्गे) कमरा,
फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तिथून इथे, चेंबर,
शास्त्रीय लॅटिनमधून थेट उचललेला इंग्रजी शब्द, कॅमेरा,
स्पॅनिश-फ्रेंच-इंग्रजी असा लांबचा फेरा मारून, कॉम्रेड.

पाचवं दार फारसीचं असू शकेल. त्याबद्दल खाली लिहीनच, कारण तिथे भांडण आहे.

---

चुनाभट्टी

छताच्या अर्थावर थोडं थांबू या. रोमन 'कमेरा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दगडी घुमट येतो. पण घरांतली बरीचशी कमेरा ही खोटी, म्हणजे टांगलेली असायची. आजच्या भाषेत फॉल्स सीलिंग. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसने आपल्या ग्रंथात, सातव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तिची कृतीच दिली आहे :

आधी सरळ पट्ट्या बाकदार बसवून घ्यायच्या. दोन पट्ट्यांत दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे अंतर जेमतेम ५९ सेंटिमीटर. लाकूड सायप्रसचं. फर नको, ते कुजतं आणि लवकर म्हातारं होतं. या पट्ट्या वरच्या तक्तपोशीला किंवा छपराला लाकडी ताणांनी टांगायच्या आणि लोखंडी खिळ्यांनी ठोकायच्या. ताणांसाठी तो बॉक्सवुड, जुनिपर, ऑलिव्ह वगैरे चालेल म्हणतो. ओकची 'क्वेर्कुस' ही जात मात्र नको, कारण ती पिळवटते आणि कामाला तडे देते.

मग ठेचलेले बोरू स्पॅनिश गवताच्या दोरीने पट्ट्यांना बांधायचे. चांगला ग्रीक बोरू मिळाला नाही तर दलदलीतला बारीक घ्यायचा आणि त्याच्या सारख्या जाडीच्या जुड्या करायच्या. इथेही दोन गाठींमध्ये दोन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. वरच्या अंगाला चुना-वाळूचा थर द्यायचा, म्हणजे छपरातून थेंब गळलाच तर तिथेच अडेल. खालच्या अंगाला आधी खरबरीत गिलावा, मग वाळूचा हात आणि शेवटी खडू किंवा संगमरवराची पूड घोटून चकाकी.

कोकणातला कुडाचा कारागीर हे वाचून म्हणेल, यात नवीन काय? बरोबर आहे. कूड उभा करतात, रोमनांनी तो आडवा करून वाकवला.

बिघडतं कुठे, तर कडेच्या नक्षीपट्टीत. ती जाड केली की स्वतःच्या वजनाने लोंबते आणि शेवटी सुटते, म्हणून व्हिट्रूव्हियस ती सडपातळ ठेवायला सांगतो. तिच्यात जिप्समही घालू नये. जिप्सम आधी आवळतं, संगमरवराची पूड मागून, आणि काम एकसारखं वाळत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणि चुन्याचा गिलावा एकत्र करणाऱ्यांना आजही हाच अनुभव येतो.

हमामखान्यात तर तो दुहेरी कमेरा सुचवतो. वाफेचा ओलावा वरच्या लाकडापर्यंत पोचत नाही, दोन छतांमधल्या पोकळीत जिरतो.

---

तिरपी_रेघ

एक बाळबोध शंका. कमानदार छत म्हणजे कमेरा. मग आपली 'कमान' याच घरातली का?

---

बोरूबहाद्दर

नाही. 'कमान' ही फारसी, मूळ अर्थ धनुष्य. 'तीरकमान'मधली तीच. धनुष्याच्या आकारावरून इमारतीची कमान. 'कम' एवढं जुळलं म्हणून सोयरीक होत नाही.

मात्र फारसी 'कमर'चं प्रकरण इतक्या सहज निकाली निघत नाही. मराठीतली कंबर, कमरबंद, कमरपट्टा, झालंच तर इंग्रजांनी आपल्याकडून नेलेला 'कमरबंड', हे सगळे त्याच फारसी शब्दाचे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, 'कमरा' म्हणजे मेखला, कंबरेला गुंडाळायचा पट्टा. वेढून वाकलेली वस्तू. ग्रीक 'कमारा'शी ध्वनी जुळतात, अर्थही फार दूर नाही. एक पक्ष म्हणतो दोन्ही एकाच मुळातून आले. दुसरा म्हणतो एकाने दुसऱ्याकडून उसना घेतला. तिसऱ्याच्या मते ग्रीक शब्द ग्रीसमध्ये आधी बोलल्या जाणाऱ्या कुठल्या तरी लुप्त भाषेचा असून अवेस्ताशी त्याचा संबंध नाही. जुने व्युत्पत्तिकार या सोबत लॅटिन 'कमुर' (वाकडा, रोमन कवी व्हर्जिल गायीच्या शिंगांना हे विशेषण लावतो) आणि आपल्या धातुपाठातला, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीतला, 'क्मर्' (वाकडं असणं) यांनाही ओढतात. 'क्मर्'बाबत अडचण अशी की तो धातुपाठातच भेटतो, वाङ्मयात त्याचा वापर नाही. अशा धातूवर इमारत उभी करू नये.

माझ्यापुरतं म्हणाल तर कंबर आणि कमेरा बहिणी असण्याची शक्यता मला आवडते, पण शपथेवर सांगायला सांगितलं तर मी सांगणार नाही. म्हणूनच शीर्षकात प्रश्नचिन्ह आहे.

---

ओष्ठ्य

बोरूबहाद्दर, 'कमर'ची 'कंबर' झाली हे लिहिलंत, पण त्यातला 'ब' आला कुठून ते सांगायचं राहिलं. सगळी गंमत तर तिथेच आहे. तुमच्या फ्रेंच शाखेतला 'ब'सुद्धा तसाच आलेला आहे.

लॅटिन 'कमेरा'. बोलीत मधला ऱ्हस्व 'ए' गळाला आणि 'कम्रा' उरलं. आता 'म्र' सावकाश म्हणून पाहा. 'म' म्हणताना ओठ मिटलेले आणि हवा नाकातून जातेय. पुढच्या 'र'साठी दोन गोष्टी एकदम व्हायला हव्यात : ओठ उघडायचे आणि नाकाची वाट बंद करायची. नाकाची वाट कणभर आधी बंद झाली, तर ओठ मिटलेले आणि नाकही बंद अशा स्थितीतून हवा फुटते. त्यालाच आपण 'ब' म्हणतो. तो कोणी घालत नाही, आपसूक निघतो. कम्रा → कंब्रा. कॅटलानमध्ये आजही 'कांब्रा'च आहे.

आता घरी या. संस्कृत आम्र → प्राकृत अंब → आंबा. ताम्र → तंब → तांबे. आंब्यातला 'ब' आणि चेंबरमधला 'ब' एकाच कारखान्यात तयार झालेत, कारखाना म्हणजे माणसाचे ओठ आणि पडजीभ.

'न' आणि 'र' शेजारी आले की तसाच 'द' निघतो. वानर → वांदर. फ्रेंचमध्ये लॅटिन 'तेनेर'चं (कोवळा) 'ताँद्र', इंग्रजीत तेच 'टेंडर'. कोवळ्या मांसाला टेंडर म्हणतात त्यातला 'द' आणि वांदरातला 'द' सख्खे.

दुसरा नियम, फक्त फ्रेंचचा. लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'क' आणि पुढे 'अ' आला की मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा 'च' झाला. कमेरा → चांब्र, कंतारे (गाणं म्हणणं) → चांतेर, कबल्लुस (घोडा) → चेव्हाल. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास त्या 'च'चा 'श' झाला. म्हणून आजची फ्रेंच 'शाँब्र' म्हणते. इंग्रजीने शब्द त्याआधीच उचलला होता, म्हणून 'चेंबर'. कुठल्याही इंग्रजी शब्दाला हा गज लावता येतो : 'चीफ' आधी आलेला, 'शेफ' मागून. दोन्ही लॅटिन 'कपुत'ची (डोकं) नातवंडं.

---

तिरपी_रेघ

आंबा आणि शाँब्र! दंडवत घ्या.

---

शेवटचा_बाक

ओष्ठ्य यांच्या 'च-श' नियमाला एक देशी जोड देतो. 'चावी'. पोर्तुगीज 'शावे'. आजचे पोर्तुगीज 'श' म्हणतात, आपण 'च' म्हणतो, आणि चूक आपली नाही. पोर्तुगीज इथे आले तेव्हा त्यांच्या तोंडीही 'च'च होता, नंतर लिस्बनमध्ये त्याचा 'श' झाला. मराठीने जुना उच्चार जपून ठेवला, इंग्रजीने चेंबरमध्ये ठेवला तसा.

ही चावी लॅटिन 'क्लाविस'ची. आणि लॅटिनमध्ये कुलूप लावता येईल अशा खोलीला 'कोंक्लावे' म्हणत, 'चावीसह' अशा अर्थाने. पोप निवडताना कार्डिनल कोंडून घेतात ते 'कॉन्क्लेव्ह' हेच. त्या काळात कारभार पाहणारा अधिकारी 'कामेर्लेंगो', तो मात्र कमेराच्या घरातला. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा कामेर्लेंगो केविन फॅरेल यांनी केली, तेव्हा वाहिन्यांवर या पदनामाचे नाना उच्चार ऐकू आले. शब्दाची बांधणी मिश्र आहे, लॅटिन 'कमेरा' आणि जर्मानिक '-लिंग' प्रत्यय. इंग्रजी 'चेंबरलेन' त्याचाच भाऊ.

---

तारीखपत्रक

आता धाग्याच्या पहिल्या वाक्याकडे. 'इन कॅमेरा' ही शुद्ध लॅटिन पदरचना आहे. 'इन' या अव्ययानंतर पंचमीसारखी एक विभक्ती आली की अर्थ 'खोलीत' आणि द्वितीया आली (इन कमेराम) की 'खोलीकडे, खोलीच्या आत'. पहिलीतला शेवटचा 'आ' दीर्घ असतो. म्हणजे शब्दशः मराठी फक्त 'खोलीत'. खोली कुणाची, तर न्यायाधीशांची. खुल्या न्यायालयाच्या उलट.

कायद्यात कुठे कुठे लागू होतं ते नीट लिहून ठेवतो, कारण बातम्यांत घोळ होतो :

बलात्काराच्या खटल्याची चौकशी आणि सुनावणी इन कॅमेराच करायची असते. हे आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७(२) मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्ये आहे. न्यायाधीश एखाद्या विशिष्ट व्यक्तीला आत थांबू देऊ शकतात. न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या कामकाजाबद्दल काही छापता येत नाही.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४, कलम ११ : न्यायालयाला वाटलं तर इन कॅमेरा, आणि दोघांपैकी एका पक्षाने मागितलं तर न्यायालयाला ते करावंच लागतं. हा फरक पक्षकारांना बहुधा माहीत नसतो. अर्ज साधा असतो, पण करावा लागतो.

हिंदू विवाह कायदा, कलम २२ : कामकाज इन कॅमेराच.

आणि आता गोंधळ. आपल्या वर्तमानपत्रांत 'इन कॅमेरा शवविच्छेदन' हा प्रयोग सर्रास असतो आणि तिथे त्याचा अर्थ 'व्हिडिओ चित्रीकरण करून केलेलं' असा असतो. ग्रामसभाही 'इन कॅमेरा' घ्या अशी मागणी होते, म्हणजे चित्रीकरण करा. एकाच पानावर एका बातमीत इन कॅमेरा म्हणजे कुणी पाहू नये आणि दुसरीत इन कॅमेरा म्हणजे सगळ्यांना पुढे पाहता यावं!

---

चौथा_स्तंभ

तारीखपत्रक, मला यात एवढं आभाळ कोसळल्यासारखं वाटत नाही. शब्द आपल्याकडे आला की आपला. मराठी वाचकाला 'कॅमेरा' म्हणजे यंत्र एवढंच ठाऊक, तर 'इन कॅमेरा'चा 'कॅमेऱ्यात टिपलेलं' हा अर्थ त्याने लावणं अगदी तर्काला धरून आहे. लॅटिन विभक्त्या शिकून कोण वर्तमानपत्र वाचतं? कमानदार छताचा अर्थ बदलून खोली झाला, तेव्हा रोममध्येही कुणीतरी कपाळाला हात लावला असेल.

---

तारीखपत्रक

बोलीत काय वाट्टेल ते होऊ द्या. माझा आक्षेप अर्जाच्या मायन्यावर आहे. पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात लेखी अर्ज देताना 'शवविच्छेदन इन कॅमेरा करावे' असं लिहिलं, तर कायद्याच्या भाषेत त्याचा अर्थ 'बाहेरच्यांना दूर ठेवा' असाही निघतो. नातेवाइकांना हवं असतं नेमकं उलट. 'शवविच्छेदनाचे संपूर्ण व्हिडिओ चित्रीकरण करावे व त्याची प्रत जतन करावी' असं लिहिलं की वादाला जागा राहत नाही. ग्रामसभेसाठीही तेच. आणि न्यायालयाच्या बातमीत 'बंद दाराआड' हे दोन शब्द पुरतात.

---

चौथा_स्तंभ

अर्जापुरतं मान्य. मथळ्यासाठी 'चित्रीकरणासह'सुद्धा बसतं खरं तर, अक्षरं दोनच जास्त.

---

पडवी

प्रवास करणाऱ्यांसाठी उपयोगाचं :

इटलीत 'कामेरा' म्हणजे खोली, हॉटेलात हमखास झोपायची. फोटोच्या कॅमेऱ्याला 'माक्किना फोतोग्राफिका' किंवा 'फोतोकामेरा' म्हणायचं. 'माझा कामेरा हरवला' म्हणालात तर स्वागतकक्षातला माणूस तुम्हाला जिना दाखवील. 'कामेरिएरे' म्हणजे वेटर, खोलीची सेवा करणारा. स्पॅनिशमध्ये तोच 'कामारेरो'.

स्पेनमध्ये 'कामारा' म्हणजे कॅमेराही आणि सभागृहही. पण 'कामा' म्हणजे पलंग, आणि त्याचा कामाराशी काही संबंध नाही. झोपायच्या खोलीला मेक्सिकोत 'रेकामारा' म्हणतात, म्हणून हा घोटाळा अगदी खरा वाटतो.

फ्रान्समध्ये 'शाँब्र' म्हणजे शयनगृहच. दिवाणखान्याला शाँब्र म्हणत नाहीत. सायकलच्या ट्यूबला 'शाँब्र आ एर', हवेची खोली. आणि वाइन 'शाँब्रे' करणं म्हणजे तळघरातून काढून खोलीच्या तपमानाला आणणं. पण ही खोली जुन्या फ्रेंच घराची, १६ ते १८ अंशांची. नाशिकची रेड वाइन एप्रिलमध्ये 'रूम टेंपरेचर'ला म्हणून ३२ अंशांवर दिली, तर अल्कोहोलचा भपकाराच पुढे येतो. तिथे उलट पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी लागते.

रशियात 'कामेरा' म्हणजे तुरुंगाची कोठडी. घाबरू नका, स्टेशनवरची 'कामेरा ख्रानेनिया' ही सामान ठेवायची जागा. पोलंडमध्ये 'कोमोर्निक' दारात आला तर मात्र घाबरा, तो जप्ती करणारा बेलिफ. कोमोरा म्हणजे खोली, त्यातला हा अधिकारी. हंगेरीत 'कामरा' म्हणजे कोठीची खोली, लोणची-मुरंब्याची. रुमानियात 'कामारा'ही तीच. जर्मनीत 'कामर' म्हणजे छोटी खोली, 'श्पाइझेकामर' म्हणजे कोठीघर, आणि फोटोसाठी वेगळा, मागाहून आलेला 'कामेरा'.

पूर्वेकडे : बंगालीत 'कामरा' खोलीलाही आणि रेल्वेच्या डब्यालाही. सिंहलीत 'कामरय' म्हणजे खोली, हाही बहुधा पोर्तुगीजांकडून. इंडोनेशियात 'कामार' डचांकडून, 'कामार मांडी' म्हणजे न्हाणीघर.

मराठीत 'खोली' इतकी पक्की बसलेली की 'कमरा' मराठीत पाहुण्यासारखाच राहिला. 'चेंबर'ला मात्र आपण भलतीकडे नेलं. वकिलाचं चेंबर असतं, १९३४ पासून पुण्यात मराठा चेंबर आहे, पण रस्त्यावर 'चेंबर तुंबलं' म्हटलं की एकच अर्थ.

---

ओष्ठ्य

'कमरा'त पहिला स्वर 'अ' का, 'आ' का नाही, याचंही कारण दिसतं. पोर्तुगीजमध्ये 'म'च्या आधीचा आघाताचा 'आ' मिटलेला असतो, आपल्या 'अ'च्या जवळचा. त्यांच्या लिपीत त्यावर टोपीही देतात. हिंदी कानाने तो 'अ' ऐकला, बंगाली आणि सिंहली कानाने 'आ', असं मला वाटतं.

आणि व्याकरणाची एक नोंद. लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, सगळीकडे स्त्रीलिंगीच. मराठीत शेवटी 'आ' दिसला म्हणून तो 'घोडा', 'मळा' यांच्या पंगतीत जाऊन बसला : तो कॅमेरा, ते कॅमेरे, कॅमेऱ्यात. हिंदीतला कमराही पुल्लिंगी. शेवटच्या एका काना-मात्रेने लिंग फिरवलं.

---

शेवटचा_बाक

कॉम्रेड राहिला. स्पॅनिश 'कामारादा'. यातला '-आदा' समूह दाखवतो, 'आर्मादा' म्हणजे सशस्त्र ताफा, तसा. 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणाऱ्यांचा अख्खा गट, मुख्यतः सैनिकांचा. नंतर तो शब्द त्या गटातल्या एकेका माणसाला लागला. तिथून फ्रेंच 'कामाराद', आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी 'कॉम्रेड'. डाव्यांनी तो उचलायच्या कितीतरी आधी तो बराकीतला शब्द होता. 'कॉ. डांगे'मधला 'कॉ.' म्हणजे व्युत्पत्तीने 'खोलीतला सोबती'.

समूहाचा शब्द एका माणसाला लागणं आपल्याला नवं नाही. जुन्या मराठीत 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको, आणि 'आमची मंडळी' म्हणजेही बायकोच.

---

काळाकागद

यंत्राच्या अर्थाबद्दल कोणी लिहिलं नाही. 'कमेरा ओब्स्कुरा', म्हणजे अंधारी खोली. हे नाव केप्लरने १६०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात वापरलं आणि तेच टिकलं. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीत १८३९ च्या सुमारास रसायन लावलेला पत्रा आला, 'ओब्स्कुरा' गळून गेलं आणि 'अंधारी' न म्हणता नुसती 'खोली' उरली. आज फोनच्या पाठीवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या तीन खोल्या असतात.

खरी अंधारी खोली करून पाहायची असेल तर : रस्त्याकडची एक खिडकी निवडा, समोर ऊन पडलेलं हवं. काचेवर जाड काळा कागद लावा, कडा चिकटपट्टीने बंद करा, दाराखालच्या फटीत फडकं कोंबा. कागदाला मध्यभागी एक सेंटिमीटरचं गोल भोक. समोर दोन मीटरवर पांढरी चादर ताणून धरा. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, बहुतेक जण इथेच 'काही दिसत नाही' म्हणून सोडून देतात. मग रस्ता उलटा दिसू लागतो, माणसं डोक्यावर चालतात, आणि उजवीकडून जाणारी रिक्षा डावीकडून जाते.

मापाचं गणित सोपं : २० मीटर अंतरावर असलेली १० मीटर उंच इमारत दोन मीटरवरच्या चादरीवर एक मीटरची दिसते. भोक मोठं केलं की उजेड वाढतो पण चित्र पसरट होतं, लहान केलं की रेखीव होतं पण अंधुक. कात्रीने कापलेल्या भोकाच्या कडा फाटक्या राहतात. पत्र्याच्या चकतीला ड्रिलने भोक पाडून ती कागदामागे चिकटवली तर चित्र चांगलं येतं.

---

बोरूबहाद्दर

सुंदर. आता काही तोतये बाहेर काढू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर यांच्या वंशावळी फिरत असतात.

केबिन : नाही. उत्तरकालीन लॅटिन 'कपान्ना', झोपडी.
रशियन 'कोम्नाता' (खोली) : अर्थ तोच, तरी नाही. ती 'कमिनाता', म्हणजे शेकोटी असलेली खोली, पोलिशमार्गे रशियनमध्ये आली. इंग्रजी 'चिमनी'ची बहीण.
कॅमेरून देश : नाही. पोर्तुगीजांनी तिथल्या नदीला कोळंबीची नदी म्हटलं. 'कामारांव' म्हणजे कोळंबी, ती लॅटिन 'कम्मरुस'वरून.
कॅबरे : हो! फ्रेंच कोश याचं मूळ उत्तर फ्रान्सच्या पिकार्ड बोलीतल्या 'छोटी खोली' या शब्दात दाखवतात. तो डचांकडे जाऊन, 'म' हरवून परत आला. पिकार्ड बोलीने 'क'चा 'च' केलाच नव्हता, म्हणून इथे 'क' शाबूत आहे. ओष्ठ्य यांचा नियम इथे उलट्या बाजूने सिद्ध होतो.

कुणाला जुना, छताचा अर्थ आजही उभा पाहायचा असेल तर ऑक्सफर्डचं 'रॅडक्लिफ कॅमेरा'. १७३७ ते १७४९ या काळात बांधलेली गोल, घुमटाची ग्रंथालयाची इमारत. पर्यटक तिचे फोटो काढतात आणि आत कॅमेऱ्याचं संग्रहालय आहे का, असं विचारतात.

---

पडवी

आणि ग्रीक? जिथून शब्द निघाला तिथे आता काय म्हणतात?

---

बोरूबहाद्दर

दोन्ही म्हणतात. आघात दुसऱ्या अवयवावर ठेवून 'कमारा' म्हटलं तर कमान, जुना ग्रीक अर्थ. आघात पहिल्यावर आणून 'कामरा' म्हटलं तर खोली, आणि ती लॅटिन-इटालियनकडून परत आलेली, आघातासकट. थेसालोनिकीत चौथ्या शतकाच्या सुरुवातीची गॅलेरियस बादशहाची विजयकमान आहे. गावातले लोक तिला नुसतं 'कमारा' म्हणतात आणि तिच्याखाली भेटायची वेळ ठरवतात. आघात चुकवून टॅक्सीवाल्याला सांगितलंत, तर तो विचारील, कुठल्या हॉटेलातली?